पाच ‘राजां’च्या दरबारात ग्लोरिया मोलिना: लॉस एंजेलिस काउंटीच्या कारभाराची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या काउंटीला आपण सवयीने ‘जिल्हा’ म्हणतो आणि मग डोळ्यांसमोर जिल्हा परिषद येते. लॉस एंजेलिस काउंटीच्या बाबतीत हा समज फारच तोकडा पडतो. तिथे ८८ शहरं आणि सुमारे एक कोटी लोकवस्ती. सरकारी इस्पितळं, तुरुंग, अनाथ मुलांची देखभाल, गरिबांचं अर्थसाहाय्य, हे सगळं काउंटीकडे. पायोनियर बुलेव्हार्डवर साड्या-मिठाईची खरेदी करणाऱ्या भारतीयांच्या ओळखीचं आर्टेशिया हे छोटं शहर आहे, पण त्याचे पोलीसही काउंटीच्या शेरिफकडूनच, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाकडूनच, कंत्राटाने येतात. आणि या पसाऱ्यावर बसतात पाच सुपरवायझर. कायदे करणारेही तेच, अंमलबजावणीवर हुकूम चालवणारेही तेच. स्थानिक पत्रकारांनी त्यांना ‘पाच छोटे राजे’ म्हटलं ते उगाच नाही. ग्लोरिया मोलिना १९९१ ते २०१४ या काळात या पाचांपैकी एक होत्या.

हे राजे बराच काळ एकाच रंगाचे होते. १८७५ नंतर शंभराहून अधिक वर्षं या मंडळावर एकही लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचा, माणूस निवडून आला नव्हता. १९९०च्या सुमारास काउंटीतली एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या लॅटिनो होती, तरीही. लोक मत देत नव्हते म्हणून हे झालं असं सांगितलं जाई. कोर्टात मात्र वेगळंच निघालं. १९८१ साली मतदारसंघांच्या सीमा आखताना पूर्वेकडच्या लॅटिनो वस्त्या मुद्दाम फोडल्या गेल्या होत्या, कारण विद्यमान सदस्यांना आपापल्या जागा सांभाळायच्या होत्या. नागरी हक्क संघटना आणि केंद्र सरकारचं न्याय खातं, दोघांनीही १९८८ मध्ये दावे लावले. जून १९९० मध्ये न्यायाधीश डेव्हिड केन्यन यांनी काउंटीविरुद्ध निकाल दिला. मतदारसंघ क्रमांक एक नव्याने आखला गेला आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिथून ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. त्यांनी हरवलं ते राज्य सिनेटचे सदस्य आर्ट टॉरेस यांना, ज्यांच्या कार्यालयात त्या एके काळी नोकरी करत होत्या.

मोलिना काउंटीतल्याच पिको रिव्हेरा या शहरातल्या मजूर घरातल्या. दहा भावंडांत थोरल्या. वकिलाच्या कार्यालयात सेक्रेटरीचं काम करत शिकल्या. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या विधानसभेत आणि १९८७ मध्ये लॉस एंजेलिस नगर परिषदेत गेल्या, दोन्हीकडे पहिल्या लॅटिना म्हणून. विधानसभेच्या वेळी त्यांच्याच समाजातल्या पुढाऱ्यांनी ‘थांब, तुझी पाळी नाही’ अशी भूमिका घेऊन दुसरा उमेदवार उभा केला होता. पुढे पूर्व लॉस एंजेलिसमध्ये राज्य सरकार तुरुंग बांधू पाहत होतं, तेव्हा तिथल्या मातांच्या मोर्च्यांबरोबर त्या उभ्या राहिल्या. १९९२ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला.

पण त्यांच्या प्राधान्यक्रमाची, म्हणजे सरकारी इस्पितळाविषयीच्या आग्रहाची, खरी मुळं मला याच्याही आधी दिसतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काउंटीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाला आलेल्या मेक्सिकन बायकांची नसबंदी केली जात होती. कळा सुरू असताना इंग्रजीतल्या कागदांवर सह्या घेतल्या जात. काही जणींना तर काय झालंय हे नंतर कधीतरी कळलं. दहा जणींनी १९७५ मध्ये खटला भरला. मोलिना तेव्हा कोमिसिओन फेमेनिल या महिला संघटनेत पुढारी होत्या, आणि ही संघटना दाव्यात त्या बायकांच्या बाजूने उभी राहिली. १९७८ मध्ये निकाल बायकांच्या विरोधात गेला, पण तोवर स्पॅनिशमध्ये संमतीपत्रं आणि सही करण्याआधी विचाराला वेळ, असे नियम आणायला प्रशासनाला भाग पडलं होतं.

त्याच इस्पितळाची मालक असलेल्या मंडळात तेरा वर्षांनी मोलिना बसल्या. १९९४च्या नॉर्थरिज भूकंपाने जुन्या इमारतीला तडे गेल्यावर नवं बांधायचं ठरलं, आणि खाटा किती यावरून १९९७ मध्ये भांडण पेटलं. त्या ७५०वर अडून बसल्या. बाकीच्यांनी खर्चाचा हिशेब मांडून ६००वर शिक्कामोर्तब केलं. नवं इस्पितळ २००८ मध्ये ६०० खाटांनिशीच उघडलं. या प्रश्नावर त्या हरल्या, हे स्पष्ट म्हणायला हवं.

गंमत अशी की याच बाई पैशाच्या बाबतीत कमालीच्या कडक. बड्या अधिकाऱ्यांच्या सवलती आणि फुगवलेली निवृत्तिवेतनं त्यांनी धारेवर धरली. सभेत अधिकाऱ्याला उभं करून खडसावणं ही त्यांची ओळखच झाली होती. काहींना तो दरारा वाटे, काहींना उद्धटपणा. मला वाटतं, गरिबांसाठी खर्च करा म्हणणाऱ्याकडे उधळपट्टीचं बोट दाखवायला विरोधक टपलेलेच असतात, आणि मोलिनांनी ती फट ठेवली नाही. पूर्व लॉस एंजेलिस हा त्यांच्या मतदारसंघातला मोठा भाग कोणत्याच शहरात मोडत नाही. तिथे नगरपालिका नाहीच, त्यामुळे वाचनालयापासून उद्यानापर्यंत प्रत्येक तक्रार थेट काउंटीकडे, म्हणजे त्यांच्याच दारात येई.

एका व्यक्तीने किती वेळा निवडून यायचं यावरच्या मर्यादेमुळे २०१४ मध्ये त्या पायउतार झाल्या. नसबंदी प्रकरणाबद्दल मंडळाने जाहीर माफी मागितली ती २०१८ मध्ये. त्यासाठी पुढाकार घेतला त्यांच्या जागी आलेल्या हिल्डा सोलीस यांनी. मे २०२३ मध्ये कर्करोगाने मोलिना गेल्या. ज्या मंडळात निवडून येणारी पहिली स्त्री म्हणून त्या बसल्या होत्या, तिथले पाचही सदस्य त्याआधीच, २०२०च्या डिसेंबरपासून, स्त्रिया होत्या. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी पाचांचे नऊ सुपरवायझर करण्याला आणि कारभार पाहायला प्रमुख थेट निवडून देण्याला मंजुरी दिली.