पार्श्वभूमी: लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर आणि डिकींची फिरती चकती

नॉइजमध्ये, म्हणजे नको असलेल्या विद्युत गोंगाटात, बुडालेला क्षीण सिग्नल मोजायचा, तर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आजही आधी लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायरच आठवतो: ठरलेल्या तालावर बदलणारा सिग्नल तेवढा वेचून घेणारं उपकरण. त्याचा शोध सर्रास अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांच्या नावावर सांगितला जातो. ते पूर्ण खरं नाही. एसी ब्रिजचा (प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या मोजणीच्या सर्किटचा) तोल तपासण्यासाठी सी. आर. कोसेन्स यांनी याच तत्त्वाचं सर्किट 1934 मध्ये मांडलं होतं, आणि 1941 मध्ये मिशेल्स आणि कर्टिस यांच्या पेंटोड व्हॉल्व्हवरच्या (पाच इलेक्ट्रोडच्या निर्वात नळीवरच्या) शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘लॉक-इन’ हे नाव आहे.

डिकींचं श्रेय वेगळं आहे, आणि माझ्या मते मोठं. महायुद्धाच्या काळात ते एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत होते. सव्वा सेंटीमीटर तरंगलांबीच्या रडारलहरी हवेतली वाफ शोषून घेते. किती, हे आकाशाकडून येणाऱ्या औष्णिक प्रारणावरून कळू शकत होतं. पण रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज त्याच्या कितीतरी पट, शिवाय व्हॉल्व्हचं गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते प्रमाण, सतत सरकणारं. डिकींनी अँटेनाकडून येणाऱ्या वेव्हगाइडला (लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीला) खाच पाडली आणि तिच्यातून शोषक पदार्थाची चकती फिरवली. सेकंदाला 30 वेळा रिसीव्हरसमोर एकदा आकाश, एकदा चकती. आकाश आणि चकती यांच्यातला फरक तेवढा 30 हर्ट्झवर हलू लागला. रिसीव्हरचा नॉइज त्या तालावर नव्हता, कारण ताल सिग्नल रिसीव्हरमध्ये शिरण्याआधीच दिलेला होता. खरी मेख ही आहे.

पुढचं काम गुणाकाराचं. आउटपुटला त्याच वारंवारतेच्या संदर्भ-सिग्नलने गुणायचं आणि सरासरी काढायची. समजा सिग्नल 20 नॅनोव्होल्ट आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज दर वर्गमूळ-हर्ट्झला 5 नॅनोव्होल्ट. म्हणजे हा नॉइज बँडविड्थच्या (आत येऊ दिलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या) वर्गमुळाच्या पटीत वाढतो. 10 किलोहर्ट्झची बँडविड्थ उघडी ठेवली, तर नॉइज 500 नॅनोव्होल्ट, म्हणजे सिग्नलच्या 25 पट. सरासरी काढणाऱ्या साध्या आरसी (रोधक-धारित्र) फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे सरासरीचा कालावधी, 1 सेकंद ठेवला, तर बँडविड्थ पाव हर्ट्झ उरते आणि नॉइज अडीच नॅनोव्होल्ट. किंमत वेळेची: प्रत्येक वाचनासाठी काही सेकंद थांबावं लागतं.

1946 मध्ये डिकी आणि सहकाऱ्यांनी याच रेडिओमीटरने (प्रारण मोजणाऱ्या या चकतीच्या रिसीव्हरने) अवकाशातून येणाऱ्या प्रारणाला 20 केल्विनची वरची मर्यादा घातली. 1965 मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सुमारे साडेतीन केल्विनचं वैश्विक पार्श्वप्रारण (महास्फोटापासून उरलेलं, अवकाशभर पसरलेलं प्रारण) सापडलं, तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात डिकींचा गट त्याच शोधासाठी रेडिओमीटर उभारत होता.

1960च्या दशकाच्या सुरुवातीला डिकी आणि सहकाऱ्यांनी प्रिन्स्टन अप्लाइड रिसर्च ही कंपनी काढली आणि हे उपकरण तयार विकत मिळू लागलं. पुढे डिजिटल यंत्रं आली. जुनी यंत्रं चौकोनी लहरीने गुणायची, त्यामुळे तिसरा-पाचवा हार्मोनिकही (संदर्भ-वारंवारतेच्या तिप्पट-पाचपट वारंवारतेचा भागही) आत यायचा; डिजिटल यंत्र शुद्ध साइन लहरीने गुणतं.

चकतीच्या जागेचा नियम मात्र तोच राहिला. प्रकाशाच्या प्रयोगात चॉपर (प्रकाश तालात अडवणारी फिरती चकती) नमुन्याच्या आधी, दिव्यापाशी लावतात. तो डिटेक्टरच्या तोंडाशी लावला, तर खोलीतला उजेडही त्याच तालात कापला जातो आणि लॉक-इन त्यालाच सिग्नल समजतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, ट्यूबलाइट 100 हर्ट्झवर लुकलुकणारी. म्हणून चॉपरची वारंवारता या दोन्हींपासून आणि त्यांच्या पटींपासून दूर ठेवतात.