७५ अंश पूर्व: उपग्रह एका जागी ठेवण्याची कला कशी घडली

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड या पट्ट्यात घराघरावर दिसणारी डीडी फ्री डिशची छत्री जवळपास नेमकी आग्नेयेला तोंड करून असते. क्षितिजापासूनचा तिचा कोन ५९ अंशांच्या आसपास. त्या दिशेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर जीसॅट-१५ आहे. पेरणीच्या दिवसांत मोबाइलवर ढगांची जी चित्रं फिरतात, ती टिपणाऱ्यांपैकी इन्सॅट-३डीआर हा उपग्रह ७४ अंशांवर, म्हणजे इथून जवळजवळ सरळ दक्षिणेला. छत्री एकदा घट्ट बसवली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही. उपग्रह मात्र आपणहून जागेवर राहत नाही, त्याला तिथे राखावं लागतं आणि त्यासाठी टाकीतलं इंधन खर्ची पडतं. ते संपलं की कॅमेरे, ट्रान्सपाँडर (संदेश घेऊन परत पाठवणारी यंत्रणा), सौरपट्ट्या ठणठणीत असूनही उपग्रह निवृत्त होतो.

या विद्येचा पाया उड्डाणाच्या कितीतरी आधी घातला गेला. १९०३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्की यांनी रॉकेटचं समीकरण मांडलं: वेगात किती बदल मिळेल हे बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगावर आणि सुरुवातीच्या-शेवटच्या वजनाच्या गुणोत्तरावर ठरतं. या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो, आणि सगळी अडचण तिथेच आहे. वेगातला बदल दुप्पट हवा असेल तर इंधन दुप्पट करून भागत नाही. १९२५ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहराच्या सेवेत असलेले अभियंते वॉल्टर होमान यांनी एका वर्तुळाकार कक्षेतून दुसरीत जाण्याची काटकसरीची वाट दाखवली. दोन्ही कक्षांना स्पर्श करणारी लंबवर्तुळाकार कक्षा घ्यायची आणि फक्त दोनदा जोर लावायचा. १९२८ मध्ये हर्मान पोटोच्निक यांनी भूस्थिर कक्षेतल्या, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, स्थानकाची कल्पना मांडली, तर १९४५ मध्ये आर्थर सी. क्लार्क यांनी त्या कक्षेतून जगभर प्रसारण कसं करता येईल ते लिहिलं.

प्रत्यक्षात पहिलाच प्रयत्न फसला. फेब्रुवारी १९६३ मध्ये सिन्कॉम-१ या अमेरिकी उपग्रहाची अपभू मोटर (अपभूपाशी, म्हणजे कक्षेच्या पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूपाशी, जोर लावणारी) चालवण्याच्या टप्प्यातच त्याचा संपर्क तुटला. त्याच वर्षी जुलैत सिन्कॉम-२ चोवीस तासांच्या कक्षेत पोहोचला, पण ती कक्षा विषुववृत्ताला तिरकी होती. खरा भूस्थिर म्हणावा असा पहिला उपग्रह सिन्कॉम-३, ऑगस्ट १९६४चा.

आपल्याकडे या तंत्राचा पहिला मोठा अनुभव आला तो एटीएस-६ मुळे. १९७४ मध्ये सोडलेला हा अमेरिकी उपग्रह आधी ९४ अंश पश्चिमेला होता. भारतातल्या २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवण्याच्या ‘साइट’ प्रयोगासाठी १९७५ मध्ये तो ३५ अंश पूर्वेला आणला गेला. मराठवाड्यातली गावं त्यात नव्हती, पण उमरग्याच्या सीमेला लागून असलेला तेव्हाचा गुलबर्गा जिल्हा होता. उपग्रह असा सरकवण्याची रीत सरळ ढकलण्याची नाही. कक्षा सुमारे ७८ किलोमीटर खाली घेतली की तो पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा किंचित जलद जातो आणि रोज एक अंश पूर्वेला सरकतो. पश्चिमेला न्यायचा असेल तर कक्षा तेवढीच वर घ्यायची. सरकणं सुरू करायला वेगात सुमारे २.८ मीटर प्रतिसेकंदाचा बदल आणि थांबवायला तेवढाच, इतकाच खर्च. घाई असली तर खर्च त्याच पटीत वाढतो. कक्षा गोल राखायची म्हणून प्रत्येक बदल बारा तासांच्या अंतराने दोन हप्त्यांत करतात. एकाच झटक्यात केला तर कक्षा लंबवर्तुळाकार होते आणि उपग्रह रोज मागेपुढे झुलू लागतो.

भारताचे सुरुवातीचे धडे महागडे होते. जून १९८१च्या ॲपल या उपग्रहाला भूस्थिर कक्षेत नेणारी घनइंधन मोटर एसएलव्ही-३ या भारतीय रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावरून घेतली होती. त्याची एक सौरपट्टी उघडली नाही, तरी त्याने सत्तावीस महिने काम दिलं. एप्रिल १९८२च्या इन्सॅट-१एचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. त्याची सौरपट्टी एकाच बाजूला होती आणि सूर्यप्रकाशाचा दाब तोलायला दुसऱ्या बाजूला शीड होतं. ते शीड उघडलंच नाही. उपग्रहाचं तोंड पृथ्वीकडे राखण्यातच इंधन जात राहिलं आणि सप्टेंबरमध्ये टाकी रिकामी झाली. जुलै १९९२च्या इन्सॅट-२ए पासून मात्र भारतीय बनावटीची ४४० न्यूटनची द्रवइंधन अपभू मोटर आली. मोनोमिथाइल हायड्रॅझिन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं अशी ही जोडी आहे. दोन्ही द्रवं एकमेकांना भेटताच पेटतात, ठिणगी लागत नाही. त्यामुळे मोटर हवी तेव्हा बंद करून पुन्हा चालू करता येते, जे घनइंधनाच्या मोटरीला जमत नाही.

इन्सॅट-३डीआरचं उदाहरण घेऊ. ८ सप्टेंबर २०१६ रोजी जीएसएलव्ही-एफ०५ने तो श्रीहरिकोटाहून नेला तेव्हा त्याचं वजन २,२११ किलो होतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त इंधन. श्रीहरिकोटाहून मिळणारी हस्तांतर कक्षा (रॉकेट उपग्रहाला सोडतं ती लंबवर्तुळाकार कक्षा) विषुववृत्ताला सुमारे १९ ते २१ अंश तिरकी असते. अपभूपाशी कक्षा गोल करणं आणि तिरकेपणा काढणं ही दोन्ही कामं एकत्र केली तर सुमारे १,६५० मीटर प्रतिसेकंद लागतात. दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कुरूहून सोडलं तर हाच आकडा १,५०० च्या आसपास येतो, अमेरिकेतल्या केप कॅनव्हरलहून १,८०० च्या वर जातो. इतक्या वजनाच्या उपग्रहासाठी ४४० न्यूटनची मोटर सगळं मिळून पावणेदोन तासांच्या आसपास चालवावी लागते, आणि ते एका दमात करत नाहीत. जोर अपभूच्या अगदी जवळच लावला तर फायदा पुरेपूर मिळतो. शिवाय पहिल्या हप्त्यानंतर कक्षा मोजता येते आणि मोटरचा खरा जोर कळल्यावर पुढचा हप्ता त्याप्रमाणे सुधारता येतो.

बिघाड होतो तो बहुतेक झडपांत, नळ्यांत किंवा त्यांना मिळणाऱ्या आज्ञांत. मंगळयानाच्या वेळी ११ नोव्हेंबर २०१३ रोजी इंधनाची झडप चालवणाऱ्या मुख्य आणि राखीव अशा दोन्ही कॉइलना एकाच वेळी वीज दिली आणि इंधनाचा प्रवाहच थांबला. १३० मीटर प्रतिसेकंद हवे होते, मिळाले ३५. दुसऱ्याच दिवशी जादा हप्ता देऊन उणीव भरून काढली. मार्च २०१८ मध्ये जीसॅट-६एचे दोन हप्ते व्यवस्थित झाले आणि त्यानंतर संपर्कच तुटला. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०२ या दिशादर्शन उपग्रहात ऑक्सिडायझर (इंधन जळायला लागणारं दुसरं द्रव) आत सोडणारी झडप उघडली नाही. रॉकेटने आपलं काम चोख केलं होतं, तरी उपग्रह हस्तांतर कक्षेतच अडकला. वर पोहोचायला दोन्ही द्रवं लागतात. एकाची नळी बंद म्हणजे दुसऱ्याची भरलेली टाकीही निरुपयोगी.

जागेवर पोहोचल्यावरचा खर्च वेगळाच. चंद्र आणि सूर्याची ओढ कक्षेला दर वर्षी सुमारे ०.७५ ते ०.९५ अंशाने तिरकी करते. ते परतवायला, म्हणजे उत्तर-दक्षिण सुधारणेला, वर्षाला ५० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास लागतात, म्हणजे एक टन वजनाच्या उपग्रहाला साधारण सतरा किलो इंधन.

पूर्व-पश्चिमेची गोष्ट मराठवाड्याच्या अगदी जवळची आहे. पृथ्वीचं विषुववृत्त पूर्ण गोल नाही, किंचित लांबट आहे. फुगलेल्या भागाने उपग्रहाला पुढे ओढलं की त्याची ऊर्जा वाढते आणि कक्षा मोठी होते. मोठ्या कक्षेत तो हळू फिरतो आणि चक्क मागे पडतो. या उलट्या हिशोबामुळे उपग्रह फुगवट्यापासून दूर, आखूड व्यासाच्या टोकांकडे सरकतात. अशी स्थिर टोकं दोनच: १०५ अंश पश्चिम आणि ७५.१ अंश पूर्व. दुसऱ्या टोकाची रेखांशरेषा वैजापूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधून जाते. आपल्या थेट दक्षिणेला, विषुववृत्तावर, गुरुत्वाकर्षणाची ही जागा आहे.

७४ अंशांवर २००२च्या कल्पना-१पासून भारताचे हवामान उपग्रह राहिले आहेत. तिथे पूर्व-पश्चिम सुधारणेला वर्षाकाठी एक दशांश मीटर प्रतिसेकंदही लागत नाही, ९३.५ अंशांवर सुमारे एक मीटर लागतो. पण या बचतीचं फार कौतुक करू नये. उत्तर-दक्षिणेच्या पन्नास मीटरसमोर ती किरकोळ आहे. उत्तर-दक्षिण सुधारणा करताना थ्रस्टरची (जोर देणाऱ्या छोट्या मोटरची) दिशा एक टक्का जरी चुकली तरी अर्धा मीटर प्रतिसेकंदाचा धक्का पूर्व-पश्चिमेला बसतो, म्हणून त्या सुधारणेमागोमाग दुसरी छोटी सुधारणा करावीच लागते. या जागेचा खरा परिणाम धोक्याच्या बाजूचा आहे. कक्षेतच बंद पडलेले उपग्रह ७५ अंशांभोवती झुलत राहतात. एक हेलकावा पूर्ण व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि प्रत्येक हेलकाव्यात ते चालू उपग्रहांच्या वस्तीतून जातात. म्हणूनच निवृत्तीच्या वेळी उपग्रह सुमारे ३०० किलोमीटर वर चढवण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्याला ११ मीटर प्रतिसेकंद पुरतात, पण तेवढं इंधन शिल्लक आहे हे ठाऊक असायला हवं. वजनरहित टाकीत पातळी दिसत नाही. आजवर थ्रस्टर किती वेळ चालले याचा हिशोब आणि इंधन ढकलणाऱ्या हेलियमचा दाब-तापमान यांवरून अंदाज बांधतात, आणि तो काही महिन्यांच्या आयुष्याइतका चुकू शकतो.

इंधन उरत आलं की उत्तर-दक्षिण सुधारणा थांबवून आयुष्य लांबवता येतं. मग उपग्रह आकाशात रोज इंग्रजी आठाचा आकडा काढतो. साठ सेंटिमीटरच्या छत्रीचा झोत जेमतेम तीन अंश रुंद असतो. कक्षा एक अंशाने तिरकी झाली तरी कोरड्या दिवशी चित्र टिकतं, जोराच्या पावसात मात्र आधी जातं.

हा पन्नास मीटरचा खर्च कमी करण्याचा मार्ग विद्युत प्रणोदनाचा, म्हणजे विजेच्या जोरावर वायूचे विद्युतभारित कण (आयन) वेगाने बाहेर फेकण्याचा. जुलै १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्ट-१ या चाचणी यानावर आयन इंजिन ३१ मिनिटं चाललं. पुढे एटीएस-६ वरही सीझियमची आयन इंजिनं प्रयोगासाठी बसवली होती, आणि सोव्हिएत संघाने सत्तरच्या दशकात हॉल थ्रस्टर (विद्युत इंजिनाचाच आणखी एक प्रकार) उडवले. भारतात हे तंत्र ५ मे २०१७च्या जीसॅट-९ वर आलं. झेनॉन वायूचे आयन रासायनिक ज्वाळेच्या पाचपट वेगाने बाहेर पडतात, त्यामुळे टनाला सतरा किलोऐवजी साडेतीन किलोत वर्षाचं काम भागतं. मात्र जोर अगदी थोडा, न्यूटनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी. अपभू मोटर तासांत करते ती चढण अशा थ्रस्टरला महिने घेते, आणि तेवढा काळ किरणोत्सर्गाच्या पट्ट्यांतून ये-जा करताना सौरपट्ट्यांची ताकद घटते. म्हणून जीसॅट-९ची चढण रासायनिक मोटरनेच केली आणि झेनॉन राखला तो जागेवर राहण्यासाठी.