‘पेसा’ म्हणजे आपलाच पैसा: केनियातल्या एम-पेसाची पार्श्वभूमी

‘एम-पेसा’ ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा. त्यातला ‘एम’ मोबाइलचा आणि ‘पेसा’ आपल्या पैशाचा. हिंदी महासागर ओलांडून हा शब्द स्वाहिलीत गेला. नवल नाही, केनियात १९२० पर्यंत चलनही रुपयाचंच होतं.

मार्च २००७मध्ये सफारिकॉम या मोबाइल कंपनीने ही सेवा सुरू केली, तेव्हा तिथल्या बहुतेकांचं बँकेत खातंच नव्हतं. नैरोबीत कमावणाऱ्याला गावी पैसे धाडायचे तर नोटा पाकिटात घालून मटाटूच्या (म्हणजे तिथल्या वडापच्या) ड्रायव्हरकडे द्यायच्या, नाहीतर गावी निघालेला नातलग गाठायचा. पोचतील तेव्हा पोचतील. युगांडा, घाना, बोत्स्वानात तर लोकांनी त्याआधीच युक्ती काढली होती. शहरातला भाऊ गावी टॉकटाइम पाठवायचा, गावातला तो विकून रोख करायचा.

सफारिकॉममधली भागीदार कंपनी व्होडाफोन, तिच्या निक ह्यूज यांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं: छोट्या कर्जांचे हप्ते मोबाइलवरून भरून घेणं. ब्रिटिश सरकारचा निधी मिळाला, २००५मध्ये चाचणी झाली. लोकांनी हप्ते भरलेच, पण त्याच सोयीने एकमेकांना पैसेही पाठवायला लागले. शहाण्या कंपनीने कर्जाचं प्रकरण बाजूला ठेवून ‘घरी पैसे पाठवा’ एवढीच जाहिरात केली.

रीत सोपी. कोपऱ्यावरच्या दुकानात नोटा आणि ओळखपत्र द्यायचं. दुकानदार नोंद करतो, एसएमएस येतो. पुढे सगळं सिमकार्डातल्या मेन्यूवर. बटणांचा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही. २००७च्या अखेरीस निवडणुकीनंतर दंगली उसळल्या, तेव्हा अडकलेल्या माणसांपर्यंत पैसे असेच पोचले.

माझ्या मते खरी मेख सरकारी परवानगीत होती. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने ‘हरकत नाही’ असं पत्र देऊन वाट मोकळी केली. बँका कुरकुरल्या, २००८च्या अखेरीस अर्थमंत्र्यांनी तपासणीही लावली. सेवा त्यातून तरली. भारतात रिझर्व्ह बँकेने एवढी मोकळीक दिली नाही. २०१३मध्ये इथे आलेला एम-पेसा २०१९मध्ये गुंडाळला गेला. तोवर यूपीआयने बाजार व्यापला होता.

केनियात २०१२पासून, बाजूला ठेवलेलं ते कर्ज एम-श्वारी नावाने फोनवरच मिळू लागलं. तेव्हा तीस दिवसांसाठी साडेसात टक्के. त्याला व्याज म्हणायचं नाही, ‘शुल्क’ म्हणायचं.