संत्र्याचा भाव आणि फोनचा दर

काटोल-नरखेडचा बागायतदार आज संत्री तोडण्याआधी नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्याला फोन लावतो. भाव पडलेला असेल तर तोडा दोन-चार दिवस लांबवतो. १९९५ मध्ये हे परवडणारं नव्हतं. त्या वर्षी ३१ जुलैला देशात मोबाईल सुरू झाला तेव्हा कॉलचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत होता आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत.

खासगी कंपन्या आल्या म्हणून दर उतरले, हे अर्धंच खरं. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने त्यांना दार उघडलं, पण बोलीत कबूल केलेल्या परवाना शुल्काखाली त्या दबल्या. १९९९ मध्ये सरकारने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले. माझ्या मते खरी कलाटणी इथे मिळाली, कारण येणारा कॉल फुकट म्हटल्यावर फोन घेणारे वाढतात, आणि प्रत्येक नव्या फोनने बोलू शकणाऱ्या जोड्या वाढतात. दहा फोन असले तर ४५ जोड्या एकमेकांशी बोलू शकतात. वीस झाले की १९०. फोन दुप्पट, जोड्या चौपटीहून जास्त! मात्र मोठ्या कंपनीने छोटीचे कॉल आपल्या जाळ्यात घेतलेच नाहीत, तर हे गणित कोसळतं. म्हणून बाजार मोकळा करतानाच पंच लागतो. १९९७ मध्ये स्थापन झालेली ‘ट्राय’ ही दूरसंचार नियामक संस्था त्यासाठीच आहे.

याचा व्यापारावर काय परिणाम होतो, ते रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने केरळच्या किनाऱ्यावर मोजलं. मोबाईल येण्याआधी एका बंदरात मासळी फेकून द्यावी लागे, तर त्याच सकाळी जवळच्या दुसऱ्या बंदरात ती मिळत नसे. समुद्रातूनच फोन करता येऊ लागल्यावर नासाडी थांबली. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि मासळी ४ टक्क्यांनी स्वस्तही झाली. दोघांचाही फायदा झाला, कारण आधी वाया जाणारा माल आता विकला जात होता.

संत्र्यालाही हे लागू पडतं, पण सगळ्यांना सारखं नाही. ज्याने पैशाच्या नडीपायी बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकून टाकली, त्याला कळमन्याचा भाव कळून काय उपयोग? फोन कर्ज देत नाही.

आणि आता स्पर्धाच आटते आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहे, पण जायचं कुठे? उरली बीएसएनएल, आणि तिचं ४जी जाळं तेव्हा अजून उभंच राहत होतं.