शेवटची लढत जिंकून मेलेले दोन बॉक्सर

ड्रेसिंग रूममधल्या टेबलावर एक बॉक्सर निपचित पडलाय. आत्ताच लढत जिंकून आलाय. त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा त्याला हलवतो, ऊठ म्हणतो. बापाला तो बाबा म्हणत नाही, ‘चॅम्प’ म्हणतो. बाप काही उठत नाही. मग पोरगं खोलीतल्या मोठ्या माणसांकडे वळतं, आणि त्या मोठ्या माणसांपाशी द्यायला उत्तर नसतं.

हा प्रसंग ‘द चॅम्प’ या १९७९ सालच्या अमेरिकी चित्रपटाच्या शेवटाचा. दिग्दर्शक फ्रँको झेफिरेली, बापाच्या भूमिकेत जॉन व्हॉइट, मुलाच्या भूमिकेत रिकी श्रोडर. १९३१ साली याच नावाने आलेल्या चित्रपटाची ही नवी आवृत्ती. मला विचाराल तर अख्खा चित्रपट बेताचाच आहे. दारू, जुगार, घोड्यांची शर्यत, परत आलेली आई, सगळा मसाला अंमळ जास्तच पडलाय. पण त्याची शेवटची तीनेक मिनिटं मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरली जात आहेत. माणसाला हुकमी दुःखी करायचं असेल तर हा तुकडा लावायचा, असा तिथला जवळजवळ रिवाजच आहे.

त्याचं असं झालं. भावनांचा अभ्यास करायचा तर आधी प्रयोगशाळेत भावना निर्माण व्हायला हवी. समोरच्याला ‘जरा दुःखी व्हा बरं’ म्हणून भागत नाही. फोटो दाखवून पाहिले, संगीत ऐकवून पाहिलं, जुन्या आठवणी काढायला लावल्या. पण प्रत्येकाची आठवण वेगळी, म्हणजे मोजमापाची पंचाईत. चित्रपटाचा तुकडा मात्र सगळ्यांना तोच, तेवढाच वेळ दाखवता येतो. रॉबर्ट लेव्हेन्सन आणि जेम्स ग्रॉस या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अडीचशेहून अधिक चित्रपट धुंडाळले, त्यांतून ७८ तुकडे कापले आणि ते ४९४ विद्यार्थ्यांना दाखवले. निकाल १९९५ साली प्रसिद्ध झाला. दुःखासाठी दोन तुकडे निवडले गेले: एक ‘बॅम्बी’ या कार्टूनपटातल्या हरणाच्या आईचा मृत्यू, आणि दुसरा हा, १७१ सेकंदांचा.

नुसतं रडू येणं पुरेसं नव्हतं. तुकडा छोटा हवा, मागचं-पुढचं न सांगता कळायला हवा, आणि त्यातून एकच भावना उमटायला हवी. ही शेवटची अट फार छळते. चित्रपटातल्या मृत्यूमागे बहुधा कोणीतरी खलनायक असतो, मग दुःखात राग मिसळतो. रक्त दाखवलं की किळस येते. ‘द चॅम्प’च्या त्या खोलीत राग धरावा असं कोणीच नाही. एक मेलेला बाप आणि त्याला उठवणारं मूल, एवढंच. म्हणून तिथलं दुःख निव्वळ निघतं.

ते बघताना आपल्या शरीरात काय चालतं, हे अभ्यासक बोटांना आणि छातीला तारा लावून मोजतात: हृदयाचे ठोके, श्वास, तळहाताचा घाम. आपल्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांतले स्वेद, रोमांच आणि अश्रू आज यंत्रांच्या यादीत जाऊन बसलेत, ही गंमत मला फार आवडते. गळा दाटून येतो त्याचंही एक सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. भावना उसळली की जास्त हवा आत घेता यावी म्हणून श्वासमार्गाचं दार रुंद होतं. आवंढा गिळताना मात्र तेच दार मिटावं लागतं. या ओढाताणीत घशात गोळा आल्यासारखं वाटतं. आणि नाकाचं काय? अश्रूंचा थोडा भाग डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीतून सरळ नाकात उतरतो. म्हणून अंधाऱ्या थिएटरात रडणारी माणसं दिसत नाहीत, पण सूं-सूं ऐकू येतं.

आता दुसरा बॉक्सर. १९४९ साली ‘चॅम्पियन’ नावाचा चित्रपट आला, नायक कर्क डग्लस. योगायोग पाहा, तोही शेवटची लढत जिंकतो आणि ड्रेसिंग रूममध्येच मरतो. हा चित्रपटसुद्धा प्रयोगशाळेत पोचला, तोही ‘द चॅम्प’च्या कितीतरी आधी. पण विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेनर्ड बर्कोविट्झ यांनी १९६०च्या दशकात त्यातला मृत्यू घेतला नाही. त्यांनी कापला तो नायकाला रिंगमध्ये बेदम मार बसतो तो सातेक मिनिटांचा भाग.

त्या काळी एक समजूत पक्की होती, आजही आहे: पडद्यावरची मारामारी पाहिली की आपला राग निचरून जातो. बर्कोविट्झना हे पटत नव्हतं. त्यांनी काही विद्यार्थ्यांना आधी एका माणसाकडून मुद्दाम अपमान करवून चिडवलं. मग हा तुकडा दाखवला. दाखवण्यापूर्वी काहींना सांगितलं, हा बॉक्सर हलकट आहे, त्याच्या कर्माची फळं भोगतोय. काहींना सांगितलं, माणूस वाईट नाही, आता सुधारायच्या बेतात आहे. नंतर त्या अपमान करणाऱ्याच्या कामाची परीक्षा घ्यायची आणि ते काम जितकं वाईट वाटेल तितके विजेचे झटके त्याला द्यायचे, अशी संधी दिली. ज्यांना मार ‘रास्त’ वाटला होता, त्यांचा हात जास्त सैल सुटला. ठोसे तेच, चेहरा तोच, रक्तही तेच. फरक होता तो आधी ऐकलेल्या दोन-चार वाक्यांचा. या प्रयोगांवर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवेत, कारण प्रयोगशाळेतलं बटण दाबणं म्हणजे रस्त्यावरची हाणामारी नव्हे. तरी ती दोन-चार वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीत. संपूर्ण चित्रपटात दिग्दर्शक दीड-दोन तास दुसरं काय करत असतो? हा माणूस आपला की परका, एवढंच तर ठरवत असतो.

थिएटरात आणखी एक गोष्ट घडते, जी तीन मिनिटांच्या तुकड्यात घडत नाही. डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या सुमारास मांडलेली कल्पना अशी: शरीर एकदा खवळलं की लगेच शांत होत नाही, आणि ती उरलेली धडधड पुढच्या भावनेच्या खात्यावर जमा होते. सायकल मारून दमलेला माणूस थोड्या वेळाने चिडला तर नेहमीपेक्षा जास्त चिडतो. याच हिशेबाने, बॉक्सिंगच्या चित्रपटात शेवटची लढत बघताना आपण खुर्चीच्या कडेवर आलेले असतो, मुठी वळलेल्या असतात. आणि हृदय अजून धावतंय तोवर बाप कोसळतो.

रडून मोकळं वाटतं का? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ६० जणांना दुसरे रडवे चित्रपट दाखवले. रडले २८. चित्रपट संपताक्षणी त्यांची मनःस्थिती आधीपेक्षा खालावलेली होती. वीस मिनिटांनी ती पूर्ववत झाली, आणि दीड तासाने मात्र चित्रपटापूर्वी होती त्याहून बरी झाली. न रडलेले होते तिथेच राहिले. म्हणजे थिएटराच्या दारात ‘कसा वाटला?’ विचारलं तर उत्तर एक येणार, आणि घरी जाऊन जेवण झाल्यावर दुसरं.

‘द चॅम्प’च्या तुकड्यावर बेतलेला माझा आवडता प्रयोग मात्र पाण्याच्या बाटलीचा आहे, २००८ सालचा. काही जणांना तो तुकडा दाखवला, काहींना प्रवाळ बेटांवरच्या माशांचा माहितीपट. मग सगळ्यांना विचारलं, ही बाटली घ्यायला किती पैसे मोजाल? मासे पाहिलेल्यांनी सरासरी ५६ सेंट सांगितले, पोराचं रडणं पाहिलेल्यांनी २ डॉलर ११ सेंट, म्हणजे जवळजवळ चौपट. प्रयोग लहान होता, जेमतेम ३३ जणांचा, तेव्हा आकडा फार ताणू नये. पण नंतर त्यांना विचारलं, त्या तुकड्याचा तुमच्या किमतीवर काही परिणाम झाला का? छे, म्हणाले, त्याचा काय संबंध?