जुन्या मोटारींची हत्यारे

जुनी, जपण्याजोगी मोटार घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने दुरुस्त करणाऱ्या हौशी व्यक्तीला लागणारा हत्यारांचा संच आणि तो वापरण्याची रीत. नव्या गाडीचा खराब झालेला बोल्ट टाकून दुसरा लावता येतो. जुन्या गाडीचा तसाच बोल्ट कित्येकदा कुठेच मिळत नाही. म्हणून इथे हत्याराची पहिली परीक्षा अशी, की नट निघाल्यावर त्याचे कोपरे शाबूत राहिले का.

निवडीची सुरुवात गाडीच्या मापांपासून करावी. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे प्रमाणमाप सुचवले आणि ब्रिटिश गाड्या कित्येक दशके त्याच घराण्यातील आट्यांवर चालल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांचे युनिफाइड आटे स्वीकारले. युरोपातील व जपानी गाड्या मुख्यतः मेट्रिक. गोंधळ वाढतो तो पान्यावरील आकड्यामुळे. मेट्रिक किंवा ए.एफ. (‘अक्रॉस फ्लॅट्स’, इंचांतील) पान्यावर नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर लिहिलेले असते, तर व्हिटवर्थ पान्यावर बोल्टचा व्यास. त्यामुळे १/४ व्हिटवर्थ पान्याचे तोंड पाव इंच नसून सुमारे १३.३ मिमी असते. त्या नटावर १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल होतो. ‘चालून जाईल’ म्हणून १४ चा लावला, की नटाचे कोपरे गोल झालेच म्हणून समजावे. याउलट १९ मिमी आणि ३/४ इंच (१९.०५ मिमी) एकमेकांच्या जागी चालतात. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या टी मालिकेतील गाड्यांच्या इंजिनांत तर आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची आहेत. तिथे डोके पाहून व्हिटवर्थचा टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार) फिरवला तर ब्लॉकचे आटे मरतात. आट्यांचे गेज स्वस्त आणि छोटे असते, पण या कामात त्याला पर्याय नाही.

मोठी चकचकीत पेटी घेण्याआधी आपल्या गाडीच्या मापाचे रिंग पाने आणि सहा कोनी गोट्या (सॉकेट) घ्याव्यात. बारा कोनी गोटी नटाला कोपऱ्यांजवळ पकडते; सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर जोर देते, म्हणून गंजलेल्या नटाला तीच लावावी. ब्रेकच्या नळीच्या मऊ नटाला चिरलेल्या रिंगचा खास पाना हवा. ॲडजस्टेबल पाना पेटीत असावा, पण हात त्याच्याकडे शेवटी जावा.

जाम झालेला नट हा या छंदाचा खरा कस. एक्झॉस्टच्या स्टडवरचा (डोके नसलेल्या, इंजिनात रोवलेल्या बोल्टवरचा) नट घ्या. बाहेर दिसणारे आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. सकाळी हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि नट आधी किंचित आवळून पाहावा. ‘टक्’ असा आवाज आला की गंजाची पकड सुटली. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. पाना फिरतोय पण स्प्रिंगसारखा परत येतोय असे जाणवले तर त्याच क्षणी थांबावे, कारण तेव्हा नट जागचा हललेला नसतो, स्टड पिळत असतो. अशा वेळी नटाला उष्णता देतात, मात्र आसपास पेट्रोल किंवा ब्रेकची नळी नसेल तरच.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोर मोजून देणारा पाना, आवळण्यासाठी असतो. त्याने नट सोडवू नये आणि काम झाल्यावर क्लिक प्रकारच्या रेंचचे माप सर्वांत खाली आणून ठेवावे. जुन्या पुस्तिकांत पाउंड-फूट किंवा किलोग्रॅम-मीटर असते. १ पाउंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, एकके न बदलता तोच आकडा लावला तर इंजिनाच्या हेडचे बोल्ट सैल राहतात आणि हेडखालचे गॅस्केट जाते.

इंजिन ट्यून करायला फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती), टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासणारा दिवा) आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारे) बहुतेक वेळा पुरतात. कॉन्टॅक्ट पॉइंटमधली (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमधली) फट बहुधा ०.३५ ते ०.४ मिमी असते. पाते ओढताना हलकी पकड जाणवली पाहिजे. पॉइंट जुने असतील तर एकावर उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा पडतो. सपाट पाते उंचवट्यावर टेकते आणि खरी फट मोजमापापेक्षा जास्त निघते. तिथे ड्वेल मीटरवरच (पॉइंट किती वेळ जुळलेले राहतात ते मोजणाऱ्या मीटरवर) विसंबावे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, म्हणून टायमिंग लाइटची काळी क्लिप सवयीने बॉडीला लावू नये. दोन्ही क्लिपा थेट बॅटरीच्या टोकांनाच लावाव्यात.

जॅक गाडी उचलण्यापुरता असतो. हायड्रॉलिक जॅकचे सील कधीही दगा देऊ शकते, म्हणून कडक, सपाट जमिनीवर जॅक स्टँड लावून गाडी हलवून पाहिल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. सिमेंटचे ठोकळे भाराखाली अचानक फुटतात. ते वापरूच नयेत. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. योग्य मास्क लावून ती ओल्या फडक्याने टिपावी आणि फडके ओले असतानाच पिशवीत बंद करावे.