मज्जारज्जूची इजा, शरीरसंबंध आणि घरातला गप्पपणा

परांचीवरून पडून किंवा मोटारसायकलच्या अपघातात मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या दोराला, इजा झालेला माणूस रुग्णालयातून घरी निघतो, तेव्हा कॅथेटर (लघवीची नळी) कसा घालायचा, कूस कधी बदलायची, पोट कसं साफ ठेवायचं हे त्याला शिकवलेलं असतं. शरीरसंबंधांबद्दल मात्र बहुतेक वेळा कुणी चकार शब्द काढत नाही. डॉक्टरांना वाटतं, हवं असेल तर पेशंट विचारेल. पेशंटला वाटतं, सांगण्यासारखं काही असतं तर डॉक्टर बोललेच असते. सासू-सासऱ्यांसमोर बायको काय विचारणार? मग नवरा-बायको दोघंही मनाशी एकच समजूत घेऊन घरी येतात, की आता ते सगळं संपलं.

शरीर मात्र या समजुतीप्रमाणे चालत नाही. लिंगाला ताठरता येण्याच्या दोन वाटा आहेत. एक मनातून येणारी: विचार, दृश्य, आवाज यांनी मेंदूत उठलेला संदेश मज्जारज्जूच्या टी-११ ते एल-२ या भागातून बाहेर पडतो (टी म्हणजे छातीचा भाग, एल कंबरेचा, एस त्याच्याही खालचा; आकडा वरून खाली वाढत जातो). दुसरी स्पर्शाची, आणि तिचं केंद्र अगदी खाली, एस-२ ते एस-४ मध्ये आहे. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय आपोआप उडतो, तशीच ही प्रतिक्षिप्त क्रिया. तिला मेंदूची परवानगी लागत नाही. म्हणून मानेला किंवा छातीच्या मणक्याला इजा झालेल्या अनेक पुरुषांत स्पर्शाने ताठरता येते, फक्त ती फार वेळ टिकत नाही. अशा वेळी सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या.

स्त्रियांमध्ये योनीतला ओलावा याच दोन वाटांनी येतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात बॅरी कोमिसारुक आणि बेव्हर्ली व्हिपल यांनी केलेल्या अभ्यासांत, मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या काही स्त्रियांनाही कामतृप्तीचा अनुभव येत असल्याचं दिसलं. मज्जारज्जूला वळसा घालून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेतून हे संदेश पोहोचत असावेत, असं त्यांनी मांडलं. ‘तिला कंबरेखाली काहीच कळत नाही’ हे वाक्य तिच्यासमोर सहज बोललं जातं. ते चुकीचं असू शकतं, आणि क्रूर तर आहेच.

तयारी फार अवघड नसते. आधीचे दोन तास पाणी बेतानं प्यायचं, पोट साफ झालेलं असावं, संबंधापूर्वी मूत्राशय रिकामं करायचं. कायमचा कॅथेटर असेल तर पुरुषाने तो लिंगालगत मागे दुमडून वरून निरोध चढवावा. स्त्रीने तो चिकटपट्टीनं पोटावर किंवा मांडीवर बसवावा. पाण्यात विरघळणारं वंगण वापरावं, कारण संवेदना नसलेली त्वचा सोलवटली तरी कळत नाही. नंतर आरशात बघून कुठे लाली किंवा खरचटलेलं नाही ना, हे तपासावं. तसंच राहून गेलं तर त्याची जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही.

एक धोका मात्र घरातल्या दोघांनाही पाठ हवा. इजा टी-६ किंवा त्याच्या वर असेल, तर उत्तेजनेमुळे रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. लगेच थांबायचं, माणसाला उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, लघवी तुंबली आहे का किंवा नळी दुमडली आहे का ते बघायचं. उतरत नसेल तर थेट रुग्णालय. आणि तिथे सिल्डेनाफिल घेतली असल्यास ते न लाजता सांगायचं. रक्तदाब उतरवायला नायट्रेटवर्गातलं औषध देतात. दोन्ही एकत्र झाली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळतो. लाजेपोटी लपवलेली एक गोळी अशी जीव घेऊ शकते.

समजुतीचा सर्वांत मोठा फटका स्त्रियांना बसतो. इजेनंतर पाळी काही महिने थांबू शकते, मग पूर्ववत होते आणि मूल होण्याची क्षमता सहसा शाबूत असते. पण ‘हिला आता कुठलं मूल’ म्हणून गर्भनिरोधकाविषयी कुणी बोलत नाही. पाय हलत नसताना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, हेही तिला कळत नाही. दिवस राहिलेच, तर टी-१० च्या वर इजा असलेल्या बाईला प्रसूतीच्या कळा न जाणवण्याची शक्यता असते, त्यामुळे शेवटच्या महिन्यांत तपासण्या जास्त वेळा लागतात. आणि तपासणीचं टेबल इतकं उंच असतं, की व्हीलचेअरवरून त्यावर चढवायलाच कुणी नसतं.

‘हिला गरजच काय’ हा विचार किती दूर जाऊ शकतो, ते महाराष्ट्राने १९९४ मध्ये पाहिलं. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या काही महिलांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं गेलं पाळीतल्या स्वच्छतेचं. खरं तर पॅड बदलणं छोट्या-छोट्या पायऱ्यांनी, चित्रं दाखवून, चड्डीवर पॅडची जागा आखून शिकवता येतं. गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही, फक्त त्यातून राहणारा गर्भ टळतो, म्हणजे अत्याचार उघडकीला येण्याची एक वाट बंद होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १० नुसार, मूल होण्याची क्षमता संपवणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया त्या व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही.

घरी परतल्यावर पलंग बहुतेकदा बाहेरच्या खोलीत टाकतात, येता-जाता लक्ष राहावं म्हणून. हेतू मायेचा असतो, पण त्या दिवसापासून त्या जोडप्याचा एकांत संपतो. शिवाय सकाळी कॅथेटर बदलणारे, शौच काढणारे हात बायकोचेच असतील, तर रात्री त्याच हातांचा स्पर्श जोडीदाराचा वाटणं दोघांनाही जड जातं. म्हणून शक्य असेल तिथे ही कामं भाऊ, आई किंवा मदतनीस यांनी वाटून घ्यावीत. पलंग आतल्या खोलीत ठेवावा, दाराला आतून कडी असावी आणि गरज पडली तर वाजवायला हाताशी एक बेल.